एकच लूप उलटा

बोलायच्या आधी ते टेबलावरून तळहात फिरवायचे. टेबलावर ना चादर, ना सुरकुती. तरी डावीकडून उजवीकडे एकदा, मग परत एकदा, आणि मग म्हणायचे, "एक वळण पाहिजे." त्यापुढे जे यायचं ते ऐकून माझं डोकं उठायचं.

तुमच्याही ऑफिसात असा एक असेल. बघा आठवून. स्वतः नवीन काही करत नाही, पण तुम्ही केलेलं नीट लावून ठेवतो, आणि वर तुम्हालाच समजावतो की आता कसं छान दिसतंय. घरात अशी एखादी आत्या असते. आपल्या स्वयंपाकघरात शिरून डबे उंचीप्रमाणे लावून जाते, आणि मग आपल्याला हिंग सापडत नाही. आमच्याकडे हे गृहस्थ होते. मी त्यांना मनातल्या मनात इस्त्रीवाले म्हणायचे. एकदा नवऱ्यासमोर तोंडातून निघून गेलं, तेव्हापासून आमच्या घरात तेच नाव पडलं.

ऑफिस इथे परदेशात, पॅरामॅटाला. ऑफिस कसलं, त्या हिवाळ्यात सगळं लॉकडाऊनमध्ये होतं आणि आम्ही गिरावीन नावाच्या वस्तीत आपापल्या घरात लॅपटॉप मांडून बसलो होतो. आमची छोटी कंपनी एक कंपायलर बनवते. माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा हा प्रोग्रॅम. आमची यंत्रं म्हणजे गव्हाच्या कोठारातले पंखे, शेतातले पंप, त्यांना चालवणारे डबीएवढे कंट्रोलर. गिऱ्हाईक सगळं आतल्या गावांतलं. काम साधं, पण चुकलं तर कोणाचा तरी पंखा बंद पडतो.

आता लूप म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपण कोथिंबिरीची जुडी निवडतो, काडी काडी हातात घेऊन बघतो, तसं प्रोग्रॅममध्ये एकामागून एक वस्तू हातात घेऊन बघत जायचं, त्याला लूप म्हणतात. आमच्या कंपायलरमध्ये असे लूप पावलोपावली होते, आणि ते ज्याने त्याने आपापल्या सवयीने लिहिलेले. कोणी शून्यापासून मोजायला सुरुवात केली होती, कोणी एकापासून, कोणी न मोजताच पुढची वस्तू मागितली होती. दिसायला दहा प्रकार, पण चालत सगळे होते. वर्षानुवर्षं चालत होते. आणि चालत्या गाडीला आपण हात लावत नाही, असं निदान माझ्या आईने मला शिकवलंय.

इस्त्रीवाल्यांना हे बघवेना. लॉकडाऊन लागला आणि त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की ते सगळे लूप एकसारखे करणार.

"शून्यापासून सुरू, एकेक पुढे, शेवटापर्यंत," ते म्हणाले. "घराला वळण असतं, तसं कोडला पाहिजे."

हे मराठीतलं वाक्य त्यांनी इंग्रजीत करून आमच्या मॅनेजरला, वेंडीला ऐकवलं. तिला त्यातलं किती कळलं देव जाणे. "लव्हली," म्हणाली. वेंडी सगळ्यालाच लव्हली म्हणते आणि उरलेल्याला नो वरीज म्हणते. तिने लोकांना कामावरून काढलं तेव्हाही नो वरीजच म्हणाली होती, मी स्वतः ऐकलंय.

मग रोज सकाळी चहाचा कप टेकवायच्या आत त्यांचे बदल येऊन पडलेले असायचे. आमच्याकडे कोणीही काही बदललं की दुसऱ्याने ते तपासून मान्य करायचं असा नियम आहे. त्यामुळे ते इस्त्री करणार आणि मी घड्या मोजणार. एका बदलात एक लूप, दुसऱ्यात दुसरा. आधी काय होतं, आता काय आहे, फरक शून्य. सगळं जग जीव मुठीत धरून बसलंय, डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर फिरतंय, आणि मी बसलेय बघत की ह्यांनी एकाच्या जागी शून्य केलं. चिडचिड व्हायची नाही तर काय.

ऑफिसात आम्ही सगळे एकमेकांना अरेतुरे करतो. ह्यांना मात्र तुम्ही म्हणावं लागायचं. त्यांनी तसं सांगितलं नव्हतं, पण मी पहिल्याच दिवशी "तू कुठला रे?" विचारलं तेव्हा त्यांनी टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आम्ही सोलापूरचे." त्या 'आम्ही'ने माझी जीभ वळली ती कायमची. ते मला तू म्हणायचे, अर्थातच. "अगं ऐक" हे त्यांचं सुरुवातीचं वाक्य.

व्हिडिओवर रोज पूर्ण बाह्यांचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. आम्ही सगळे अंगावर ब्लँकेट घेऊन, केस न विंचरता बसलेलो. आणि दर शुक्रवारी दुपारच्या मीटिंगमध्ये ते स्क्रीनवर त्या आठवड्याचे लूप दाखवायचे, नावानिशी. हा अमुकने लिहिला, असा नको होता. हा तमुकचा, ह्यात शिस्त नाही. एकदा माझा एक दाखवला. मी नवी होते तेव्हाचा. "हा हिचा," म्हणाले, "चालतो, पण वळण नाही." सगळ्यांसमोर. मी तेव्हा कॅमेरा बंद केला आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवरा म्हणायचा, "माणूस एकटा आहे, सोड ना."

मी म्हणायचे, "मग पत्ते खेळ म्हणावं."

ते आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे, एका घराच्या परसातल्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये. एक खोली, पुढे पत्र्याचा व्हरांडा. आमच्या भागावर तेव्हा जास्तच कडक नियम होते. बाहेर पडायचं ते मास्क लावून, व्यायामापुरतं. सगळी वस्ती मग त्या एका पार्कला चकरा मारायची. तेलुगू, गुजराती, तमिळ, पंजाबी, आपले मराठी, सगळे. मीही जायचे. आणि तिथेही हे.

एकदा संध्याकाळी बघते तर ह्यांनी एका म्हाताऱ्या तमिळ जोडप्याला अडवलंय.

"एव्हरीवन क्लॉकवाइज, प्लीज," ते म्हणत होते, आणि हाताने गोल दाखवत होते.

आजोबा बिचारे गोंधळून आजींकडे बघायला लागले. आजींनी साडीवर जाड जॅकेट घातलेलं. दोघं निमूटपणे वळली आणि उलट दिशेने चालायला लागली.

मी जवळ जाऊन मराठीत म्हटलं, "पार्क काउन्सिलचं आहे. तुमच्या तीर्थरूपांचं नाही."

"अगं ऐक," ते म्हणाले, "सगळे एकाच दिशेने चालले तर कोणी कोणाच्या तोंडावर येत नाही. सध्या तेच बरं."

म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. दोन आठवड्यांत अख्खं पार्क घड्याळाच्या दिशेने फिरायला लागलं. मुद्दाम उलटं चालावं असं मला रोज वाटायचं. एकदा चालून बघितलंही. सगळे असे बघायला लागले की अर्ध्या चकरेत परत फिरले.

त्याच पार्कमध्ये एकदा, चालता चालता, अंतर ठेवून, त्यांनी मला बाकीचं सांगितलं. विचारलं नव्हतं मी. त्यांची बायको आणि मुलगी लग्नाला म्हणून सोलापूरला गेल्या, आणि मागून ह्या देशाची दारं बंद झाली. ह्यांचा व्हिसा तात्पुरता. तात्पुरत्या व्हिसावाल्यांच्या बायकापोरांना आत यायला बंदी. पीआर झाला, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी मिळाली, तरच त्या येऊ शकणार. आणि पीआर कंपनीच्या हातात. कंपनीने सरकारला लिहून द्यायचं की आम्हाला हा माणूस हवाय, मग फाइल पुढे सरकणार. वेंडी म्हणत होती, देते, देते. त्यातच तिने हेही सांगितलेलं की नवीन आवृत्ती बाहेर पडली की काही जणांना कमी करावं लागेल.

"म्हणून तुम्ही रोज दहा बदल पाठवता," मी म्हटलं.

"रोज नाव दिसलं पाहिजे," ते म्हणाले. "आणि अगं, ह्या कामात चुकण्यासारखं काही नाही."

तुम्हाला वाटेल, ह्यानंतर मी नरमले असेन. छे. दुःख आहे म्हणून माणूस लगेच सोसवतो असं काही नसतं. मला उलट जास्तच चीड आली. नोकरी टिकवायची म्हणून माणूस माझं डोकं खातो, आणि आता त्याच्यावर चिडायचीही सोय ठेवली नाही. मी मुकाट्याने घरी आले आणि त्या दिवशीच्या सगळ्या इस्त्रीच्या घड्या तपासून टाकल्या.

नवऱ्याने एकदा साबुदाण्याची खिचडी जास्त केली आणि मला डबा घेऊन त्यांच्याकडे पाठवलं. मी कुंपणाजवळून हाक मारली. ते व्हरांड्यात उकिडवे बसलेले, हातात पाना, समोर लहान मुलीची सायकल. जांभळी, हँडलला झिरमिळ्या. सीटचा बोल्ट ढिला करून ते सीट वर सरकवत होते. शेजारी फोन उभा करून ठेवलेला, त्यात सोलापूर चालू होतं.

"पायाचं माप सांग परत," ते फोनला म्हणाले.

"बाबा, आत्ताच तर सांगितलं. आई, सांग ना ह्यांना."

मागून बायकोचा आवाज आला, "अहो, दोन बोटं वाढलीये. दोन बोटं वर घ्या."

त्यांनी दोन बोटं लावून सीट वर घेतली आणि बोल्ट आवळला. मग उठून डबा घेतला, झाकण उघडून बघितलं, म्हणाले, "मिरची जास्त दिसते."

मी म्हटलं, "सीट ती आल्यावर वाढवता येते ना? आत्तापासून कशाला?"

"आल्या आल्या बसली पाहिजे," ते म्हणाले. "तेव्हा पाना शोधत कोण बसेल?"

डबा दुसऱ्या दिवशी घासून, पुसून, आत कागद घालून परत आला. रिकामा डबा परत देऊ नये, साखर तरी घालावी, ही रीत सोलापुरात नसावी बहुतेक. घरी येऊन मी सायकलीचं नवऱ्याला सांगितलं ते हसायला म्हणून. तो हसला नाही.

आता मुद्द्याचं. त्या सगळ्या लूपांमध्ये एक लूप उलटा होता. शेवटच्या वस्तूपासून सुरू व्हायचा आणि मागे मागे येत पहिल्यापाशी थांबायचा. तो आमच्या कंपायलरमधल्या सफाईच्या भागात होता. प्रोग्रॅममधल्या निरुपयोगी ओळी शोधायच्या आणि काढून टाकायच्या, हे त्याचं काम. ज्याने लिहिला तो माणूस केव्हाच कंपनी सोडून गेलेला, आणि उलटा का, हे त्याने लिहून ठेवलं नव्हतं. इस्त्रीवाल्यांनी तो सरळ करून पाठवला.

मी खाली लिहिलं, "हा उलटा का आहे ते आधी बघा."

त्यांचं उत्तर आलं, "काही खास कारण नाही. लिहिणाऱ्याची सवय."

मी मान्य केलं नाही. पण नियमाप्रमाणे कोणीही एकाने मान्य केलं की झालं. दुपारपर्यंत वेंडीने त्यावर अंगठा उमटवून टाकला होता. तिने उघडूनसुद्धा पाहिलं नसणार. आमच्या चाचण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. नवीन आवृत्ती गेली.

कापणीच्या तोंडावर आतल्या गावातल्या एका कोठारवाल्याचा फोन आला. त्याने कंट्रोलरमधला जुना प्रोग्रॅम पुसला आणि नवा चढवायला घेतला, तर चढेना. मावतच नाही म्हणाला. पंखे बंद. आत गेल्या हंगामाचा गहू. गव्हाला हवा मिळाली नाही की तो आतून तापायला लागतो, हे मलाही त्या दिवशीच कळलं. त्याचा आवाज शांत होता, पण असा शांत आवाज बरा नसतो.

मी प्रोग्रॅम मागवून घेतला आणि बघत बसले. जे निरुपयोगी म्हणून काढायला हवं होतं त्यातलं अर्धं तसंच पडलेलं. मग मी तो लूप उघडला आणि कपाळावर हात मारला.

इस्त्रीवाल्यांना फोन लावला.

"लसीच्या रांगेत उभे होता ना तुम्ही?" मी म्हटलं. "समजा तुम्ही पुढून एकेक जागा बघत चाललाय. तिसऱ्या जागेवरच्या माणसाला रांगेतून काढलंत. काय होईल?"

"मागचे पुढे सरकतील."

"म्हणजे चौथा तिसऱ्या जागी आला. आणि तुम्ही आता चौथ्या जागेकडे बघायला गेलात. तो सरकलेला कोणी बघितला?"

"कोणीच नाही."

"शेवटून निघालात," मी म्हटलं, "तर सरकतात ते सगळे आधीच बघून झालेले. म्हणून तो उलटा होता. आपल्या चाचण्यांत दोन निरुपयोगी ओळी शेजारी शेजारी कधी आल्याच नाहीत, म्हणून हिरव्या दिसल्या. त्या बाबाच्या प्रोग्रॅममध्ये ढीगच्या ढीग शेजारी आहेत."

पलीकडे टेबलावरून हात फिरल्याचा आवाज आला. फोनवरसुद्धा मला तो ओळखू यायला लागला होता.

"वेंडीला कळवलंस?"

"अजून नाही."

"अगं ऐक," ते म्हणाले, आणि पुन्हा हात फिरल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "माझ्या पीआरच्या कागदावर ती सोमवारी सही करणार आहे."

इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही धड मागितली नाही. मी रागात होते. मी लिहिलं होतं, बघा म्हणून. बघितलं नाही. सवय म्हणे लिहिणाऱ्याची. हे सगळं मी त्यांना ऐकवलं, आवाज चढवून ऐकवलं, आणि मग म्हटलं, "लूप मी आत्ता परत उलटा करून त्या माणसाला पाठवते. गहू सोमवारची वाट बघणार नाही. कोणी केलं, हे मला कोणी विचारलं नाही तर मी सांगायला जाणार नाही. एवढंच."

"बरं," ते म्हणाले.

दुरुस्ती गेली. पंखे सुरू झाले. कोठारवाल्याने थँक्स मेट म्हणून मेसेज टाकला.

तो शुक्रवार होता. दुपारी मीटिंग. वेंडीने विचारलं, काय झालं होतं. मी म्हटलं, एका बदलात लूपची दिशा चुकली होती, आता ठीक आहे. वेंडी म्हणाली, "नो वरीज, ग्लॅड इट्स फिक्स्ड," आणि पुढच्या विषयावर गेली. कोणाच्या सुट्ट्या कधी आहेत, असलं काहीतरी. मी सुटकेचा श्वास सोडला. संपलं होतं हो ते. शब्दशः संपलं होतं.

आणि त्यांच्या चौकोनात मला तो हात दिसला. डावीकडून उजवीकडे.

"वेंडी," ते म्हणाले, "वन मिनिट."

मी चॅटमध्ये लिहिलं, गप्प बसा. परत लिहिलं. त्यांनी वाचलं की नाही देव जाणे. त्यांनी स्क्रीन शेअर केली. दर शुक्रवारी दाखवायचे तसाच तो लूप दाखवला, त्याच सुरात, आधी काय होतं, मग काय केलं. लसीची रांगसुद्धा सांगितली, माझीच, आणि मला श्रेय न देता. "हा बदल माझा," ते म्हणाले. "ह्यात बघणं नव्हतं. माझ्या सहकाऱ्याने लेखी सावध केलं होतं, ते मी ऐकलं नाही." शर्टाचं वरचं बटण लावलेलं. आवाज तोच, दुसऱ्याचे कान उपटतानाचा. बदलावर खाली अंगठा कोणाचा होता, हे मात्र त्यांनी दाखवलं नाही. स्क्रीन बरोबर तिथपर्यंत सरकवून थांबवली.

वेंडी म्हणाली, "थँक्स फॉर बीइंग सो अपफ्रंट." मग म्हणाली, नो वरीज.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी संध्याकाळी पार्कमध्ये त्यांना गाठलं. एवढी भांडले की ती तमिळ आजी लांबूनच थांबून बघत राहिली.

"कोणी विचारलं होतं तुम्हाला? ती पुढे गेली होती. सुट्ट्यांचं बोलत होती ती."

"दर शुक्रवारी सगळ्यांच्या चुका दाखवल्या," ते म्हणाले. "नावानिशी. तुझीही दाखवली. माझी आली तेव्हा गप्प बसलो तर काय उरलं?"

"तुमचं ते वळण घाला चुलीत. पोरीला काय सांगणार आहात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मास्कच्या वरून नुसते डोळे दिसत होते, आणि मला ते बघायचे नव्हते. आम्ही एक चक्कर तशीच मारली, घड्याळाच्या दिशेने, अंतर ठेवून. मला त्या माणसाची किती चीड आली होती ते सांगता येत नाही. बायकोपोरीला घरी आणायचं सोडून हा माणूस स्वतःचा लूप नीट करत बसला. आणि तेच मी केलं असतं का, हा विचार डोक्यात आला तो मी लगेच झटकला, कारण मी केलं नसतं. मी गप्प बसले असते आणि सोमवारी सही घेतली असती. तुम्हीही तेच केलं असतंत.

सोमवारी सही झाली नाही. वेंडी म्हणाली, वरून थांबवलंय. मग एका सकाळी त्यांना वेगळ्या मीटिंगला बोलावलं. ज्यांना कमी करणार होते त्यात त्यांचं नाव होतं. बाकीची कारणं कंपनीने छान इंग्रजीत दिली. जिने न बघता अंगठा लावला ती जागच्या जागी. नोकरी गेली की व्हिसाही गेला. ते परतीचं तिकीट शोधायला लागले.

लॅपटॉप परत करायच्या आधी त्यांनी काय केलं असेल? गप्प घरी बसावं ना माणसाने, पगार चालू आहे तोवर. ह्यांनी आपण सरळ केलेले सगळे लूप परत काढले आणि एकेक तपासला, आणखी कुठे रांग सरकत नाही ना म्हणून. शेवटच्यापासून सुरू करून पहिल्यापर्यंत. रोज सकाळी माझ्यापुढे तोच ढीग. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दुसरा कुठलाच चुकलेला निघाला नाही. मी प्रत्येक तपासला, आणि ह्या वेळी खरंच वाचून तपासला.

त्यांचा शेवटचा बदल त्या उलट्या लूपवर होता. लूपला हात लावला नव्हता, फक्त त्याच्या डोक्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या, इंग्रजीत. मराठीत त्यांचा अर्थ असा, "हा मागून पुढे येतो, कारण काढल्यावर रांग सरकते. बाकीच्यांसारखा करू नये, मी करून पाहिला आहे." मी मान्य केलं. खाली काही लिहावं असं वाटलं, पण काय लिहिणार.

निघायच्या आदल्या दिवशी ते सायकल ढकलत आमच्या दारात आले.

"विमानात इतकं सामान चालत नाही," ते म्हणाले. "कोणाला तरी दे. चाकात हवा आहे, साखळीला तेल दिलंय."

"तिकडे तिला दुसरी घ्याल?"

"घेऊ," ते म्हणाले. मग सीटवरून तळहात फिरवला, एकदाच. "ही मापात आहे," म्हणाले, आणि पाना माझ्या हातात ठेवला.

नवरा आत चहा टाकायला गेला होता. तो कप घेऊन बाहेर येईपर्यंत ते फाटकातून गेलेही होते.

दिवाळी झाली, आणि दिवाळीनंतर देशाची दारं उघडली. तात्पुरत्या व्हिसावाल्यांसाठीही उघडली. बातमी ऐकून मी इतक्या शिव्या दिल्या की नवऱ्याने टीव्ही बंद केला. सोलापूरहून अधूनमधून मेसेज येतो. तिथे एका छोट्या कंपनीत लागलेत. तिथलं कोड अगदीच बेशिस्त आहे म्हणे. बिचारे ते लोक.

मध्ये आमच्याकडे एक नवीन पोरगी लागली. पहिल्याच आठवड्यात तिने तो उलटा लूप सरळ करून पाठवला. बाकीचे सगळे सरळ आहेत, हा एकच का वेगळा, म्हणाली. मी तिला म्हटलं, वरच्या दोन ओळी वाच. जरा जास्तच जोरात म्हटलं बहुतेक.

पार्कमध्ये लोक अजून घड्याळाच्या दिशेने चालतात. का, ते कोणालाच माहीत नाही.

सायकल शेजारच्या तेलुगू कुटुंबातल्या मुलीला दिली. ती आनंदाने चढायला गेली आणि तिचे पाय हवेतच राहिले.

"आंटी, इट्स टू हाय," ती म्हणाली. "कॅन यू पुट इट डाउन?"

पाना आमच्या किचनच्या खणात होता. दोन मिनिटांचं काम.

"होशील मोठी," मी म्हटलं. "तोवर मी धरते."

आणि सीटच्या मागे धरून, वाकून, मी तिच्या मागून धावत राहिले.